आगबोटींची पोर्ट्रेट्स : कप्तानांच्या ऑर्डरी, पाच डॉलरचा रेट आणि छापाच्या लाटा

पैलतीर

जहाजाचं पोर्ट्रेट हा प्रकार इथे कोणी नीट बघितलाय का? वादळ, सूर्यास्त, मोडलेल्या डोलकाठ्या असला समुद्रचित्रांचा मामला म्हणत नाहीये मी. एकच बोट, बरोब्बर बाजूने, नाळेपासून शेपटापर्यंत सगळी दिसेल अशी, सगळे झेंडे फडकवून, जुन्या फोटो स्टुडिओत माणसं इस्त्रीचे कपडे घालून ताठ बसायची तशी. खाली कधी पट्टीत बोटीचं नाव आणि कप्तानाचं नाव. आगबोटींच्या काळात, साधारण १८५० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत, हा एक चालता धंदा होता आणि त्यावर पोट भरणारे लोक जगातल्या बहुतेक मोठ्या बंदरात होते. लिव्हरपूलला सॅम्युअल वॉल्टर्स आणि त्याच्यानंतर विल्यम हॉवर्ड यॉर्क, मार्सेलला रू घराणं, नेपल्सला दे सिमोने मंडळी (यांच्या चित्रात मागे व्हेसुव्हियस हवाच, पुढे बोटीचा धूर मागे डोंगराचा धूर). बोट धक्क्याला लागली की माल उतरवून नवा भरेपर्यंत जो काय आठवडा दोन आठवडे मिळायचे तेवढ्यात कप्तानाला गाठायचं, ऑर्डर घ्यायची, आणि बोट सुटायच्या आत चित्र हातात द्यायचं, नाहीतर पैसे बुडाले.

माझा आवडता म्हणजे अंतोनियो जेकबसन. नाव इटालियन वाटतं पण गडी डेन्मार्कचा, १८५० ला कोपनहेगनमध्ये जन्मलेला. घरात व्हायोलिन बनवायचा धंदा, म्हणून बापाने मुलाला थोर व्हायोलिनकारांची नावं ठेवली, पूर्ण नाव अंतोनियो निकोलो गास्पारो जेकबसन. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला आला, काम नाही, बॅटरी पार्कात बसून येणाऱ्या जाणाऱ्या बोटींची स्केचेस काढायचा. तिथे मार्विन नावाच्या तिजोरी कंपनीच्या माणसाने ती बघितली आणि याला तिजोऱ्यांवर चित्रं काढायला ठेवून घेतला. तेव्हा लोखंडी तिजोरीच्या दारावर नक्षी, देखावा, बोट वगैरे रंगवून द्यायची पद्धत होती. मग ओल्ड डोमिनियन या आगबोट कंपनीने आपल्या बोटींची चित्रं काढायला सांगितली आणि तिथून जी गाडी सुरू झाली ती १९२१ मध्ये मरेपर्यंत थांबली नाही. एकूण चित्रांचा अंदाज सहा हजारांपर्यंत जातो! सुरुवातीचा रेट पाच डॉलर.

मी जर्सी सिटीत राहतो आणि त्याचं वेस्ट होबोकेन इथून जवळच, आता त्या नावाचं गाव उरलं नाही, १९२५ ला शेजारच्या युनियन हिलबरोबर विलीन होऊन युनियन सिटी झालं. तिथून टेकडीवरून खाली हडसन नदी आणि पलीकडे मॅनहॅटन, म्हणजे गिऱ्हाईक दारावरून जाताना दिसायचं. आणि पठ्ठ्या सहीत पत्तासुद्धा लिहायचा! "७०५ पॅलिसेड अव्हेन्यू, वेस्ट होबोकेन". एखादा दुसरा कप्तान मित्राच्या केबिनमध्ये चित्र बघेल तर त्याला शोधत फिरायला नको. पुढे रस्त्यावरचे नंबर बदलले त्यामुळे आता या पत्त्यावरूनच चित्राचा काळ लावता येतो.

माझं म्हणणं एवढंच की ही चित्रं म्युझियममध्ये "लोककला" म्हणून कोपऱ्यात टाकतात ते मला पटत नाही. यांचं गिऱ्हाईक जगातलं सगळ्यात खडूस गिऱ्हाईक होतं, कुठली दोरी कुठे बांधलीय हे झोपेत सांगणारं. त्याला फसवणं अशक्य. तुम्हाला काय वाटतं?

टिवल्याबावल्या

रुमाल टाकून ठेवतो. टायटॅनिक आहे का कुठे?

चिंगी२००७

मस्त विषय. पाच डॉलर म्हणजे तेव्हा किती हो? आपल्याला आता कॉफीचे वाटतात.

पैलतीर

@चिंगी, साध्या मजुराला दिवसाला दीडेक डॉलर मिळायचा तेव्हा. म्हणजे मजुराची तीन चार दिवसांची कमाई. कप्तानाला जड नाही, खलाशाच्या आवाक्याबाहेर. चित्रकाराच्या बाजूने बघितलं तर रंग, कॅनव्हास, फ्रेम जाऊन फार काही उरत नसणार, म्हणूनच इतकी काढावी लागली. नंतर नंतर तो कॅनव्हास सोडून पुठ्ठ्यावर आणि बोर्डावर काढायला लागला, स्वस्त पडायचं. घरातल्या मुलांचाही आकाश आणि पाणी भरायला हात लागायचा असं सांगतात. इंग्लंडात रूबेन चॅपल म्हणून होता, गूल नावाच्या बंदरातला, तो छोटं जलरंगातलं पाच शिलिंगला द्यायचा. तो मोठ्या लायनरच्या (प्रवासी आगबोटींच्या) नादी लागलाच नाही, किनाऱ्यावर कोळसा आणि चिनी माती वाहणाऱ्या छोट्या छोट्या शिडाच्या बोटी काढायचा. १९०४ ला तब्येतीसाठी कॉर्नवॉलला पार या बंदरात गेला आणि तिथेही तेच.

इंजिनरूम

मोबाईलवरून टंकतोय, चुका गोड मानून घ्या. मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो, आता शोअरवर.

@टिवल्याबावल्या टायटॅनिकची चित्रं ढिगाने आहेत, बहुतेक बुडाल्यानंतरची, आणि त्यात एक हमखास गंमत बघ. चारही धुराड्यांतून काळाकुट्ट धूर! बॉयलरचा धूर फक्त पुढच्या तीनमधून जायचा, चौथं हवा खेळती ठेवायला आणि स्वयंपाकघराचा धूर काढायला होतं. पण त्या काळी पब्लिक धुराडी मोजून तिकीट काढायचं, जास्त धुराडी म्हणजे जास्त दणकट आणि जास्त वेगवान, त्यामुळे जाहिरातीवाल्यांनी चौथ्यातही धूर घातला.

आता मूळ मुद्दा. धागाकर्ते म्हणतात गिऱ्हाईकाला फसवणं अशक्य. बोटीच्या बाबतीत मान्य, पण वाऱ्याचं काय? अशी चित्रं बघितलीयत की आडवी चौकोनी शिडं मागून वाऱ्याने मस्त फुगलीयत आणि त्याच बोटीचा धूर सरळ मागे चाललाय. हे होऊच शकत नाही. शीड मागून फुगलंय याचा अर्थ बोटीवर उभं राहिलं तर वारा पाठीवर लागतोय, मग धूर पुढे जायला पाहिजे. वारा आणि बोट एकाच स्पीडने एकाच दिशेला असतील तर धूर सरळ वर, खांबासारखा उभा राहतो, झेंडे लोंबतात आणि ब्रिजवरचे सगळे खोकतात. तसलं चित्र कोणी काढत नाही कारण कोणी विकत घेणार नाही.

आणि दुसरं, दाट काळा धूर म्हणजे कोळसा नीट जळत नाहीये, पैसे धुराड्यातून चाललेत. चीफ इंजिनियरच्या नोकरीला ते काही भूषण नाही. पण चित्रात धूर पाहिजेच, नाहीतर बोट उभी आहे असं वाटतं.

टिवल्याबावल्या

आगबोटीला शिडं कशाला पण? इंजिन आहे ना.

इंजिनरूम

इंजिनवर भरवसा नव्हता म्हणून! एकच इंजिन, एकच शाफ्ट, पाण्याखाली एकच पंखा (प्रोपेलर). अटलांटिकच्या मध्यात शाफ्ट मोडला की संपलं. त्यामुळे १८८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या लायनरलाही पूर्ण डोलकाठ्या आणि शिडं असायची, शिवाय वारा बरोबर असला तर कोळसा वाचायचा. मग दोन पंख्यांच्या बोटी आल्या, एक बंद पडला तर दुसऱ्यावर घरी येता येतं, आणि शिडं गेली. व्हाइट स्टार कंपनीची १८८९ ची ट्युटॉनिक बघ, तिला शिडांचा पसाराच नाही, नुसत्या काठ्या. या चित्रांचा खरा उपयोग इथे आहे. एकाच चित्रकाराची तीस वर्षांची चित्रं ओळीने लावली तर शिडं कमी होत जाताना दिसतात, आधी आडवी परबानं (चौकोनी शिडं लावायच्या आडव्या काठ्या) जातात, मग उभी शिडं, शेवटी काठ्या नुसत्या माल उचलायला आणि झेंड्यांना उरतात.

खडूफळा

चित्रकला शिकवतो, त्यामुळे विरोधी पक्षात बसणं भाग आहे.

धागा वाचून जेकबसनची बरीच चित्रं नेटवर बघून आलो. बोट उत्तम. रेषा स्वच्छ, दोरखंड केसाएवढे बारीक आणि कुठेही हात थरथरलेला नाही, हे सोपं नसतं. पण समुद्र? हिरवट करडं पाणी, त्यावर सारख्या अंतरावर सारख्या लाटा, प्रत्येक लाटेच्या टोकाला पांढरा फराटा. दहा चित्रं शेजारी ठेवा, बोटी बदलतात पाणी तेच. बोट त्या पाण्यात नाहीये, पाण्यावर चिकटवलीय. नाळेपाशी पाणी फुटल्याचा फेस काढलाय पण त्या फेसाचा मागच्या लाटांशी काही संबंध नाही. प्रकाश कुठून येतोय ते विचारू नका. माणसं म्हणजे डेकवर उभे केलेले ठिपके. याला मी कारागिरी म्हणेन, उच्च दर्जाची म्हणेन, पण मग पाट्या रंगवणारेही उच्च दर्जाचे असतात. लोककला म्हणून कोपऱ्यात ठेवलं तर अन्याय नाही, मला तर तो सन्मान वाटतो.

बाकी लेख आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पैलतीर

@खडूफळा, समुद्र छापाचा आहे यात वादच नाही. बरेच जण तर आकाश आणि पाणी भरलेले कॅनव्हास आधीच तयार ठेवायचे, ऑर्डर आली की मधल्या रिकाम्या जागेत बोट बसवायची. लिव्हरपूलवाले त्याच्या एका बाजूला एखादं ओळखीचं दीपगृह टाकायचे, वेल्सच्या किनाऱ्यावरचं साउथ स्टॅक किंवा पॉइंट लायनस, म्हणजे बोट घरी पोचतेय असं वाटतं. पण मला वाटतं तुम्ही ज्याला दोष म्हणता तो हिशोब आहे. पैसे देणारा कुठे बघणार? बोटीकडे. मग वेळ आणि डोळे तिकडे खर्च करायचे आणि बाकी ठिकाणी वाचवायचे. सगळीकडे थोडं थोडं चांगलं काढण्यापेक्षा एकाच गोष्टीत चूक न करणं ही पण एक शिस्त आहे की.

जेकबसनच्याही आधीचा जेम्स बार्ड घ्या. न्यूयॉर्कचा, जन्म १८१५. जॉन म्हणून जुळा भाऊ, सुरुवातीला दोघं मिळून काढायचे, जॉन १८५६ ला गेला आणि जेम्स पुढे एकटाच काढत राहिला. यांचा विषय हडसन नदीतल्या चाकाच्या बोटी. म्हणजे मागे पंखा नाही, दोन्ही अंगांना पाणचक्कीछाप मोठी चाकं, चाकावर अर्धगोल पेटी आणि पेटीवर सोनेरी अक्षरात बोटीचं नाव, आणि या सगळ्याच्या वर छपरातून बाहेर आलेली लोखंडी तुळई, जी इंजिन चालू असताना झोपाळ्याच्या फळीसारखी वरखाली व्हायची. बार्ड बोटीवर जाऊन मापं घ्यायचा. खिडक्या किती, खांब किती, कठड्याच्या गजांमधलं अंतर किती. तो १८९७ ला गेला तेव्हा एका नौकानयनविषयक मासिकाने लिहिलं होतं की बोट बांधणारे म्हणायचे याच्या चित्रावरून बोटीचा आराखडा उतरवता येईल. आणि त्याच चित्रात डेकवरची माणसं बघा, उंच टोप्या घातलेले लाकडी बाहुले, सगळे एकाच साच्यातले, काहींचे पाय जमिनीला टेकलेत की नाही शंका यावी असे. बहुतेक बोटी डावीकडे चाललेल्या, डावी बाजू आपल्याकडे. पन्नास वर्षं हेच. माणूस काढता येत नव्हता, यायची गरज पडली नाही. म्हातारपणी गरिबीत गेला बिचारा, आज त्याच्या एकेका चित्राची लिलावात किंमत ऐकून चक्कर येईल.

आता यातल्या कित्येक बोटींचे आराखडे कुठेच शिल्लक नाहीत, बोटी जळाल्या, फुटल्या, भंगारात गेल्या, आणि ती बोट कशी दिसायची हे सांगणारं बार्डचं चित्र तेवढं राहिलं. धूसर समुद्र रंगवणाऱ्या त्या इंग्लिश चित्रकार टर्नरच्या चित्रावरून आगबोट बांधून दाखवा.

खडूफळा

टर्नरच्या चित्रावरून कोणी आगबोट बांधायला जात नाही हाच मुद्दा आहे हो. आराखडा चांगला आहे म्हणून चित्र चांगलं होत नाही.

पण त्या लाकडी बाहुल्यांची गंमत मान्य. मोठं करून बघितली, एक जण कठड्याला टेकलाय आणि त्याचा हात कठड्यातून आरपार गेलाय.

बंदरकर

दोघांनी भांडत राहा, आम्हाला फायदा होतोय.

थोडं आपल्या बाजूचं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट १८२९ मध्ये पाण्यात उतरली, ४११ टनांची, ८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. २० मार्च १८३० ला कप्तान जॉन विल्सन तिला घेऊन मुंबईहून सुएझला निघाला आणि २२ एप्रिलला पोचला. यातली मेख अशी की बोटीत कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि नुसतं एडनच होतं अकरा दिवसांवर. मग काय, तळघर भरलं, केबिनी भरल्या, डेकवर ढीग लावले. बोट निघाली तेव्हा पाण्यात इतकी दबलेली की बघवणार नाही. आता विचार करा, हिचं पोर्ट्रेट कोणी ऑर्डर केलं असतं तर त्यात कोळशाचे ढीग आणि कठड्यापर्यंत आलेलं पाणी असतं का? शक्यच नाही. या चित्रांत प्रत्येक बोट आंघोळ घालून, पावडर लावून उभी असते. गंज नाही, कोळशाची धूळ नाही, कपडे वाळत घातलेले नाहीत. खिडकी खिडकी खरी असेल पण बोट अशी दिसायची का, तर फक्त रंग दिल्यावर पहिले दोन दिवस. त्यामुळे "फसवणं अशक्य" वगैरे ठीक आहे, पण गिऱ्हाईकाला स्वतःला फसवून घ्यायचं असेल तर चित्रकार कशाला नाही म्हणेल?

पैलतीर

@बंदरकर हे भारी आहे, हा कोन माझ्या डोक्यात नव्हता. फक्त एक भर, बऱ्याच चित्रांत पाण्याच्या रेषेवर तळाच्या लाल रंगाचा पट्टा मुद्दाम दाखवतात, म्हणजे बोट हलकी आहे, नीट तरंगतेय. मालाने दबलेली बोट मालकाला आवडायला हवी खरं तर, पैसे त्यातच, पण भिंतीवर त्याला पण सडपातळच पाहिजे.

दर्याकिनारी

माझे पणजोबा राजापूरकडचे, पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीच्या बोटीवर डेकवर होते. आमच्या दादांकडून (वडिलांचे वडील) ऐकलेलं. तेव्हा पी अँड ओ वर डेकचे लोक बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यातले, आमच्या कोकणी मुसलमान गावांतले भरपूर, सारंग आपल्या ओळखीतले घेऊन जायचा, त्याच्या हाताखाली तांडेल मग खलाशी. खाली भट्टीवर पंजाबकडचे आणि जेवणखाण, केबिनी सगळं गोवेकर. धागा वाचून पी अँड ओ बोटींची जुनी चित्रं शोधली. बोट काळी, धुराडं काळं, मालकाचा झेंडा निळा पांढरा लाल पिवळा, सगळं जिथल्या तिथे. डेकवर माणसं शोधायला गेलो तर ब्रिजवर दोन तीन निळे कोट दिसतात, कप्तान असणार. पुढच्या बाजूला पांढऱ्या कपड्यातले चार ठिपके, डोक्याला लाल ठिपका. ते आमचे. खलाशांचा पोषाख निळा असायचा आणि लाल रुमाल कमरेला, डोक्याला टोपी का फेटा, दादा सांगायचे. चित्रकाराने लाल लक्षात ठेवला आणि कुठे बांधतात ते विसरला वाटतं.

घरात आमच्याकडे चित्र वगैरे काही नाही, त्या काळची एक लोखंडी ट्रंक आहे.

चिंगी२००७

@दर्याकिनारी वा! लिहा ना वेगळा धागा यावर, पणजोबांनी सांगितलेलं जे काय असेल ते.

बाय द वे, फोटो होते ना तेव्हा? मग एवढा खटाटोप कशाला? कॅमेऱ्याने काम झालं असतं.

पैलतीर

@चिंगी, चांगला प्रश्न. कॅमेरा होता पण बरेच दिवस त्याला हे जमत नव्हतं. धक्क्याला लागलेली बोट पूर्ण फ्रेममध्ये येत नाही, मधे गोदामं, क्रेन, दुसऱ्या बोटी. समुद्रात चालत्या बोटीचा स्वच्छ फोटो काढायचा तर स्वतः दुसऱ्या बोटीवर पाहिजे आणि हलणाऱ्या बोटीवरून जुन्या काचेच्या प्लेटवर फोटो म्हणजे धुरकट गोळा. आणि रंग! आगबोट कंपनीची ओळखच रंगात. क्यूनार्डचं धुराडं लाल वर काळं, व्हाइट स्टारचं फिकट पिवळं वर काळं, फोटोत दोन्ही करडी. शिवाय चित्रात हवे ते झेंडे हव्या त्या काठीवर एकदम फडकवता येतात, जे खऱ्या आयुष्यात फार कमी वेळा घडतं. गंमत म्हणजे वर सांगितला तो रूबेन चॅपल फोटोग्राफरकडेच उमेदवारी करत होता, फोटो रंगवून द्यायचं काम, तिथून बोटींकडे वळला.

पण शेवटी कॅमेऱ्याने खाल्लंच. पहिल्या महायुद्धानंतर कप्तान लोकांनी पोस्टकार्डावर भागवायला सुरुवात केली. जेकबसन शेवटच्या वर्षांत बराचसा जुन्या शिडांच्या बोटी काढत होता, ज्या कधीच नाहीशा झाल्या होत्या, आठवणीने हळहळणाऱ्या लोकांसाठी. म्हणजे आयुष्यभर समोरची बोट मोजून काढली आणि शेवटी समोर नसलेल्या काढून पोट भरलं. त्याची चित्रं बघायची असतील तर व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला मरिनर्स म्युझियम आहे, तिथे मोठा संग्रह आहे.

खडूफळा

ती शेवटची चित्रं मला उलट जास्त आवडली. तिथे गिऱ्हाईक खांद्यावरून वाकून बघत नव्हतं बहुधा.

अवांतर: याच धंद्यात काचेवर मागून काढणारे पण होते, बेल्जियमचं वेट्स घराणं. उलट्या क्रमाने काढायचं. आपण आधी आकाश, मग बोट, शेवटी दोऱ्या काढतो, काचेवर आधी दोऱ्या, झेंडे आणि सही, मग बोट, आणि आकाश सगळ्यात शेवटी. चूक झाली तर खोडणे नाही, कारण चूक सगळ्यात पुढे असते. आपल्याकडे वाड्यांतून चिनी कारागिरांची काचेवरची चित्रं असतात ती याच पद्धतीची. याला मात्र मी बिनशर्त सलाम ठोकतो.

मडगांवकार

पहिल्यांदाच लिहितोय इथे, नेहमी वाचनमात्र.

आमच्या मडगावच्या घरात हॉलमध्ये एक बोटीचं तैलचित्र आहे, कॅनव्हासवर. आजोबांचे काका बोटीवर स्टुअर्ड होते, त्यांनी आणलं असं म्हणतात. काळी बोट, धुराडं एकच, काळं आणि त्यावर दोन पांढरे पट्टे. दोन डोलकाठ्या, शिडं गुंडाळून ठेवलेली. मागच्या काठीवर चार झेंडे एकाखाली एक. कोपऱ्यात सही आहे पण वार्निश इतकं काळं पडलंय की इंग्रजीत "कलकत्ता" एवढंच लागतं, त्याच्या आधी दोन छोटे शब्द. ही कुठली बोट असेल काही कळेल का? आई म्हणते बटाट्याच्या फोडीने पुसलं की चित्र स्वच्छ होतं.

इंजिनरूम

बटाटा लावू नका!!!

काळं धुराडं आणि दोन पांढरे पट्टे म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, आपली बी आय. १८५६ ला कलकत्ता आणि ब्रह्मदेश अशी टपाल बोट म्हणून सुरू झाली, १८६२ ला हे नाव घेतलं, १९१४ ला पी अँड ओ मध्ये विलीन झाली पण नाव आणि पट्टे तसेच राहिले. मुंबई, कराची, आखात, पूर्व आफ्रिका सगळीकडे यांच्याच बोटी आणि स्टुअर्ड गोव्याचे, त्यामुळे तुमची गोष्ट जुळते. पुढच्या काठीवर किंवा मधे पांढरा झेंडा, त्यावर लाल फुली, टोकाला दुभंगलेला, असा आहे का बघा, तो यांचा.

चार झेंडे सगळ्यात महत्त्वाचे. ते सजावट नाहीत, ते बोटीचं नाव आहे. प्रत्येक नोंदलेल्या बोटीला चार अक्षरं दिलेली असायची. १८५७ च्या सिग्नल कोडमध्ये १८ च झेंडे होते आणि स्वर एकही नाही, फक्त व्यंजनं, कारण स्वर दिले तर चार झेंड्यांत नको ते शब्द तयार होतात. १९०१ च्या सुमाराला २६ झाले. चारही झेंड्यांचे रंग आणि आकार वरून खाली क्रमाने इथे लिहा, चित्रकाराने प्रामाणिकपणे काढले असतील तर अक्षरं निघतील, आणि अक्षरं निघाली की जुन्या नोंदवह्यांत बोटीचं नाव सापडतं.

पैलतीर

@मडगांवकार अहो काय बोलताय, दोन छोटे शब्द आणि मग कलकत्ता? ते "लाय फोंग" आहे का बघा! चिनी चित्रकार, कलकत्त्यात राहून १८९० च्या दशकात आणि पुढे बोटींची पोर्ट्रेट्स काढायचा, हुगळीत ताग आणि कोळसा घ्यायला येणाऱ्या बोटींच्या कप्तानांसाठी. चित्रं जास्त करून मोठ्या शिडांच्या बोटींची दिसतात, आगबोटी कमी, म्हणजे तुमचं तेच निघालं तर चांगलंच आहे. कॅन्टन आणि हाँगकाँगला युरोपियन पद्धतीने तैलचित्रं काढून देणाऱ्या चिनी चित्रकारांची जुनी परंपरा होती, त्यातलाच हा एक, फक्त दुकान कलकत्त्यात. त्याच्या सहीचे फोटो लिलावांच्या साइटवर मिळतील, अक्षरांचं वळण जुळवून बघा.

स्टुअर्डने स्वतः ऑर्डर दिली असेल असं वाटत नाही, कप्तानाची किंवा चीफची दुसरी प्रत असेल, एक घरी एक मालकाला अशी दोनदा काढून घ्यायची पद्धत होती. पण कोणी सांगावं.

खडूफळा

बटाट्यात पाणी आणि स्टार्च दोन्ही असतं, शंभर वर्षांच्या वार्निशला भेगा पडलेल्या असतात, पाणी भेगेतून खाली जातं आणि रंगाचे पोपडे सुटतात. लिंबू, ब्रेड, बेबी वाइप्स, कुठलंही घरगुती काही नको. ओलं फडकं पण नको. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ अलगद, तीही रंग कुठे उचललेला नसेल तरच. सही वाचायला पुसायची गरज नाही, अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरा आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो काढा, अक्षरांचे उंचवटे दिसतात. चित्र भिंतीवरून उतरवून मागची बाजू पण बघा, लाकडी चौकटीवर बऱ्याचदा पेन्सिलीने नाव किंवा नंबर असतो. मागचा जुना कागद फाडू नका.

आणि हो, समुद्राच्या लाटांचा एक क्लोजअप टाका, मला छाप आहे का बघायचंय. :)

मडगांवकार

सगळ्यांना धन्यवाद, मला वाटलं होतं कोणी उत्तरच देणार नाही.

झेंडे आत्ताच स्टुलावर चढून बघितले. वरचा निळा आणि त्यात पांढरा चौकोन, दुसरा लांबट निमुळता, लाल आणि त्यावर पांढरा ठिपका, तिसरा निळा पिवळा उभ्या पट्ट्यांत असावा, चौथा काळपट झालाय. लाल फुलीचा दुभंगलेला झेंडा आहे, पुढच्या काठीवर. मागची बाजू उद्या दिवसाउजेडी बघतो कारण फ्रेम जड आहे, एकट्याने उतरणार नाही. आईने शनिवारी फ्रेमवाल्याला बोलावलंय, नवीन काच आणि "थोडं पॉलिश" करून द्यायला, त्याला आधी फोन करून थांबवतो.